निमसे गुरुजींचा रशियन लिफाफा

१

सबनीसांनी सातव्या अल्बमचं शेवटचं पान उलटलं, कप्प्यात दोन बोटं घातली आणि एक जाड पांढरं कार्ड बाहेर काढलं. ते उलटसुलट करून पाहिलं. मग वाकून कप्प्यात पुन्हा डोकावले.

"गुरुजी, आणि लिफाफा?"

"त्यातच आहे की."

"नाही. नुसतं आतलं कार्ड आहे. लिफाफा गेलाय."

उंबऱ्याशी बसलेला धाकलू अर्धवट उठला. त्या लिफाफ्याची गोष्ट त्याच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती, कारण तो त्याच्याच हातून या घरात आला होता.

ज्ञानेश्वर निमसे नवे नवे मास्तर झाले त्याच साली माणूस चंद्रावर उतरला आणि मास्तरांना वेड लागलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनी अमेरिकेला, रशियाला, जिथला पत्ता मिळेल तिथे पत्रं धाडायला सुरुवात केली. गंमत म्हणजे उत्तरं येऊ लागली. चंद्राचे फोटो, नकाशे, यानांची चित्रं, बिल्ले, रंगीत तिकिटांची पाकिटं. डोळखांबच्या पलीकडच्या या वाडीत एस.टी.सुद्धा मर्जी असेल तर यायची, तिथे मॉस्कोचं टपाल यायचं आणि टपालवाला धाकलू ते डोंगर तुडवत पोचवायचा. शहात्तर साली तो लिफाफा आला. अवकाशात जाऊन आलेल्या दोघा रशियनांनी त्यावर शाईने सह्या केल्या होत्या. ओढ्याला छातीभर पाणी होतं, म्हणून धाकलूने तो मेणकापडात गुंडाळून डोक्याला बांधला होता. मास्तरांनी त्याला त्या दिवशी मिठी मारली होती, भिजलेल्या कपड्यांसकट.

आता साल दोन हजार तीन. धाकलू पासष्ट पुरे करून याच वर्षी टपालातून सुटला होता आणि गुरुजींच्या डोळ्यांत काचबिंदू शिरला होता. वेळूच्या नळीतून दिसावं तेवढंच त्यांना दिसायचं, तेही धुरकट. नजर पुरती जायच्या आत संग्रह चांगल्या हाती पडावा, एवढीच त्यांची इच्छा होती. विकायचं हे चार वर्षांपूर्वीच ठरलं होतं, कसं विकायचं तेच ठरत नव्हतं. दादरचे तिकिटांचे व्यापारी सबनीस पत्रातून म्हणत, सगळं एकगठ्ठा द्या. मुरबाडला कॉम्प्युटर क्लास चालवणारा पुतण्या ओमकार म्हणे, काका, एकेक वस्तू इंटरनेटवर विका, चौपट येतील. गुरुजी दोघांनाही हो म्हणत आणि पुढच्या महिन्यावर ढकलत. त्यांची पत्नी काशी यात कधी बोलली नव्हती. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

शेवटी काल गुरुजींच्या सांगण्यावरून ओमकार सबनीसांना घेऊन आला. जीपवाल्याने ओढ्यावरची पुलाची फरशी बघून हात जोडले आणि जीप पलीकडेच ठेवली. दोघे चालत आले. पेटी उचलून जीपपर्यंत न्यायला गुरुजींनी धाकलूला बोलावलं होतं. अंधार पडताना फरशीवरून कमरेभर पाणी चढलं आणि पाचही जण घरात अडकले.

"काल संध्याकाळी होता," गुरुजी म्हणाले. "मी रोज दिवेलागणीला हात लावून बघतो. काल होता."

"म्हणजे रात्रीतच गेलाय," ओमकार म्हणाला. "आणि रात्री बाहेर कोणी जाऊ शकलं नाय." तो सावकाश उंबऱ्याकडे वळला. "पेटीच्या खोलीबाहेर कोण झोपलेलं?"

तिथे धाकलू झोपला होता.

२

"थैली दाखव तुझी," ओमकार म्हणाला.

कालपर्यंत हा पोरगा त्याला धाकलूमामा म्हणायचा आणि तुमी म्हणायचा. चोरी झाल्याबरोबर मामा गेला आणि तुमीही गेलं. डोंगरातल्या पाड्यावरचा माणूस, त्याची थैली आधी बघायची, हे कुणाला शिकवावं लागत नाही.

धाकलूने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी ओमकारला गप्प करतील, अशी त्याची खात्री होती. एकोणचाळीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या हातून एक कार्ड कधी हरवलं नव्हतं.

गुरुजी खाली मान घालून म्हणाले, "दाखव बाबा एकदा. मनात किंतू नको राहायला."

धाकलूने थैली त्यांच्या पुढ्यात ठेवली. गुरुजींना दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी हात आत घातला. लेंगा, तंबाखूची डबी, काशीवैनीने दिलेले दोन कांदे, एकेक वस्तू चाचपली. त्यांचा हात आत फिरत होता तेवढा वेळ धाकलू भिंतीकडे बघत राहिला. एवढी लाज त्याला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

थैलीत काही नव्हतं.

"कुठेतरी लपवला असेल," ओमकार म्हणाला. "पाणी उतरलं की चौकीवर फोन करू. पोलीस बघतील काय ते."

पाणी दुपारनंतर उतरणार होतं. म्हणजे धाकलूच्या हातात अर्धा दिवस होता. घरी जायची सोय नव्हती, इथे कुणी सरळ तोंडाने बोलत नव्हतं आणि पोलीस आले की साऱ्या डोळखांबात व्हायचं ते होऊन बसलं असतं. नंतर लिफाफा मिळाला काय नि नाही काय, धाकलू टपालवाला चोर तो चोरच.

तो उठला. "सगळ्यांच्या पिशव्या बघा," तो म्हणाला. "माझी बघितली, आता साहेबांची, ओमकारची. आणि मग मला चार गोष्टी इचारायच्या हायत. मी चोर असलो तरी मला तोंड हाय."

पिशव्या पाहिल्या. खोली, माळा, पडवी, सगळं उलथंपालथं केलं. लिफाफा कुठेच नव्हता.

३

सबनीस पडवीत बाकावर बसले होते. भर पावसात पांढरे हातमोजे घालून बसलेला माणूस धाकलूने पहिल्यांदाच पाहिला.

"साहेब, तो लिफाफा नाय तर बाकी मालाचा काय?"

"बाकी माल चांगला आहे, पण तसा दुसरीकडेही मिळतो. गिऱ्हाईक येणार होतं ते त्या लिफाफ्यासाठी."

"आणि लिफाफा हाय, पण आतला कार्ड नाय, असा असला तर?"

सबनीसांनी मान हलवली. "निम्मी किंमत. दोन्ही बरोबर पाहिजेत. कार्डावर रशियन शिक्का आहे, तोच लिफाफ्याचा पुरावा. या धंद्यातलं शेंबडं पोरगंही कार्ड मागे ठेवणार नाही."

धाकलूच्या डोक्यात काहीतरी हललं. चोराने मागे ठेवलं होतं ते नेमकं कार्डच.

ओमकार मागच्या दारी उभा होता. धाकलू जवळ येताच तो एक पाऊल मागे सरकला. धाकलूने सरळ विचारलं, "ओमकार, तू हा लिफाफा कुणाला इकायला काढलावतास?"

हा अंधारातला दगड होता, पण बरोबर लागला. ओमकारचा चेहरा उतरला.

"तुमाला कोणी सांगितलं?" तुमी परत आलं होतं. "चोरला नाय मी! नुसता फोटो टाकला इंटरनेटवर. चैतात काकांनी पेटी उघडली तेव्हा काढलेला. एका जर्मन माणसाचं उत्तर पण आलं. काकांना सांगणार होतो, पण हे सबनीस मधे आले."

"काय लिहिलावतास फोटोखाली?"

"लिफाफा, सह्यांसकट, मूळ कार्डासह."

"कार्डासह."

"हो. त्याशिवाय तो जर्मन घेणार नाय."

धाकलूने मान डोलावली. सबनीसांना कार्डाची किंमत ठाऊक होती, ओमकारलाही ठाऊक होती. यातला कुणी चोर असता तर कार्ड सोडून गेला नसता. नेणाऱ्याला कार्डाची किंमत माहीतच नव्हती. पण या घरात तसं कोण होतं?

एक धाकलू स्वतः होता. हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. चोर शोधता शोधता तो आपल्याच भोवती कुंपण घालत होता.

४

गुरुजी खाटेवर पडून होते. काशीवैनी त्यांच्या डोळ्यांत थेंब घालत होती.

"गुरुजी, रोज हात लावून बघता म्हणालात. कसे बघता? कप्प्यात हात घालून?"

"छे! घामाचा हात लागला की कागदाला डाग पडतो. कप्पा पातळ कागदाचा आहे. वरूनच बोट फिरवतो. आत कडक लागलं की समजायचं, आहे."

"आणि तो कडकपणा कार्डाचा ना? लिफाफा तर पातळच होता. मीच आणलेला."

गुरुजी उठून बसले. त्यांचे धुरकट डोळे आवाजाच्या दिशेला वळले. "म्हणजे काल मी..."

"काल तुमी कार्ड चाचपलात. परवाही कार्डच. लिफाफा कधी गेला ते तुमाला ठाऊकच नाय. डोळ्यांनी शेवटचा बघितलात तो कधी?"

"चैत्रात," गुरुजी पुटपुटले. "ओमकारने फोटो काढला तेव्हा."

रात्रीची चोरी गेली आणि चार महिने उघडे पडले. धाकलूला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. कारण कार्ड मागे ठेवणाऱ्याला गुरुजींच्या बोटाची सवय ठाऊक होती. ती घरच्या माणसालाच ठाऊक असणार. येऊन जाऊन असणाऱ्या माणसालाही असू शकेल, आणि धाकलू महिन्यातून चारदा इथे भाकरी खायचा. मला आजपर्यंत ठाऊक नव्हतं म्हटलं तर मानणार कोण?

काशीवैनीने थेंबांची बाटली कोनाड्यात ठेवली. बाटलीखाली डॉक्टरांचा कागद होता, चकचकीत प्लास्टिकमध्ये बंद केलेला.

वैनीचा हा सोस सगळ्या वाडीला ठाऊक होता. आगोटीच्या पावसाच्या ओलीने कागद सडतात म्हणून ती शहापूरला गेली की काही ना काही लॅमिनेशन करून आणायची. गेल्या साली तिने रेशनकार्डाचं केलं होतं. मग दुकानदाराला त्यावर लिहिता येईना. त्याने वैनीची सात पिढ्यांची आठवण काढली आणि तेव्हापासून तो प्लास्टिकवर खिळ्याने खुणा करतो.

"वैनी, हा कागद कधीचा?"

"आठ दिस झाले," ती म्हणाली. "औषध आणाया शहापूरला गेलते तवाचा." आणि ती घाईने आत गेली.

धाकलू त्या कागदाकडे बघत उभा राहिला. एस.टी. स्टँडजवळच्या त्या मशीनवाल्याकडे त्यानेही आपलं घडीचं ओळखपत्र नेलं होतं, आत चिठ्ठ्या खोचलेल्या. मशीनवाल्याने ते हातात घेतल्या घेतल्या सांगितलं होतं, जाड मशीनमधून जात नाय, मामा, आतलं काय असेल ते काढा.

आता सगळं जुळलं होतं, आणि जुळलं नसतं तर बरं, असं धाकलूला वाटलं.

५

चुलीवर नाचणीची भाकरी करपत होती आणि वैनीचं तिकडे लक्ष नव्हतं.

"वैनी," धाकलू दारातच बसला, "मशीनवाल्याने आतला कार्ड काढाया सांगितला ना?"

काशीवैनीने भाकरी उलटली, काढून ठेवली, हात पुसले. मग कोपऱ्यातल्या तांदळाच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून तिने एक फडकं बाहेर काढलं. त्यात लिफाफा होता. प्लास्टिकमध्ये गच्च बसलेला. तिकिटाखाली मोठा फुगा आला होता, कागद तपकिरी पडला होता आणि एका सहीवरून सुरकुती गेली होती.

"बुरशीचे ठिपके पडले होते हो त्याच्यावर," ती म्हणाली. "यांना दिसत नाय, मला दिसत होते. मी म्हटला, गिऱ्हाईक यायच्या आत नीट करून ठेवते, कायमचा टिकेल. साऱ्या घराला यांनीच वेड लावला, मग माझ्या हातून पण याचा काहीतरी चांगला व्हावा. मशीनमधून बाहेर आला तो असा. मी त्या दुकानातच रडले."

"आणि कार्ड?"

"परत ठेवला. यांच्या बोटाला कळू नये म्हणून." तिने पदर तोंडाला लावला. "तुमच्यावर येईल असा वाटला नवता, धाकलूदादा. देवाशपथ."

"आला ना पण."

"सांगू नका हो. हे ओरडणार नायत, मारणार नायत. गप बसतील. आणि मी मरेस्तोवर त्या गप बसण्यात राहायचा. तुमी पाणी उतरला की तुमच्या घरी जाल. मला हेच घर हाय."

धाकलूला तिची दया आली, आणि रागही आला. या बाईने पंचवीस वर्षं त्याला ताटात वाढलं होतं. सकाळी त्याची थैली उपसली तेव्हा हीच बाई दारामागे उभी होती आणि तोंडातून शब्द काढला नव्हता.

"वैनी, मला पण हाच मुलूख हाय," तो म्हणाला. "माझी नातवंडा डोळखांबच्या शाळेत जातात. त्यांना चोराची नातवंडा म्हणतील." तो उठला. "तुमचा नाव मी घेणार नाय. पण माझ्यावर पण घेणार नाय. मी गोष्ट दारापर्यंत आणून ठेवतो. पुढचा तुमचा तुमी बघा."

६

त्याने सगळ्यांना ओटीवर बोलावलं. आयुष्यात त्याने लोकांची पत्रं वाचून दाखवली होती, पण चार माणसांसमोर स्वतःचं असं तो कधी बोलला नव्हता.

"रात्री चोरी झालीच नाय," त्याने सुरुवात केली. "गुरुजींच्या बोटाला लागला तो कार्ड होता. लिफाफा आधीच गेलावता. साहेब काल पहिल्यांदा या घरात आले, म्हणून साहेब नाय. ओमकारनी कार्डासह म्हणून जाहिरात दिलीय, तो कार्ड ठेवून कशाला जाईल? ओमकार पण नाय."

"जाहिरात?" गुरुजींनी विचारलं. "इंटरनेटवर, काका. एक जर्मन घेणार होता," ओमकार मान खाली घालून म्हणाला.

"ते तुमी दोघा नंतर बघा. नेणाऱ्याला कार्डाची किंमत ठाऊक नवती. इकायला नेलाच नवता त्याने. आणि गुरुजी वरून बोट फिरवतात ते त्याला ठाऊक होता. असा माणूस ओमकार नाय, साहेब नाय." धाकलूने दोन बोटं वर केली. "उरली दोन माणसा. त्यातला एक मी."

तो थांबला. बाहेर ओढ्याचा आवाज कमी झालेला कळत होता. स्वयंपाकघराच्या दाराकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. मनात मात्र तो एकेक श्वास मोजत होता आणि दार हलत नव्हतं. ती येणार नाही. मग आपण काय करणार, हे त्याने ठरवलंच नव्हतं. तिचं नाव घ्यायचं नाही म्हणून शब्द देऊन बसला होता आणि आता त्या शब्दातच तो अडकला होता.

"म्हणजे तूच," ओमकार म्हणाला. "स्वतःच कबूल करतोस की."

"ओमकार, गप बस," काशीवैनी दारातून म्हणाली.

ती पुढे आली, खाली बसली आणि फडकं उलगडून लिफाफा नवऱ्याच्या मांडीवर ठेवला. मग तिने सगळं सांगितलं. ठिपके, एस.टी., मशीन, कणगी. शेवटी ती म्हणाली, "धाकलूदादांना सकाळपासून ठाऊक नवता, मी सांगितला तवा कळला त्यांना. माझ्यामुळे त्यांची थैली उघडली. त्याचा पाप माझा."

पहिली गोष्ट पुरती खरी नव्हती, तिने सांगायच्या आधीच त्याने ओळखलं होतं, पण धाकलूने ती दुरुस्त केली नाही.

गुरुजींनी लिफाफ्यावरून बोट फिरवलं. गुळगुळीत प्लास्टिक. फुग्यापाशी बोट अडलं, सुरकुतीवर थांबलं. काशी त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"सबनीस," गुरुजींनी विचारलं, "हा आता कोण घेईल?"

"कोणी नाही, गुरुजी. प्लास्टिक काढायला गेलात तर कागद फाटेल. सॉरी. फुकट दिला तरी कोणी घेणार नाही."

"जर्मन?"

"नाय काका," ओमकार पुटपुटला.

गुरुजींनी लिफाफा उलटा करून मांडीवर ठेवला. मग एकदम त्यांचे खांदे हलायला लागले. रडताहेत असं वाटून काशी पुढे सरकली, तर ते हसत होते.

"चार वर्षं," ते म्हणाले. "चार वर्षं मी तुम्हा सगळ्यांना झुलवतोय. गिऱ्हाईक आलं की मला ताप भरायचा. बाकी सगळं उद्या द्यायला तयार होतो रे, पण हा एक देववत नव्हता. आणि ठेवून घेतला तर संग्रह मातीमोल. धड विकता येईना, धड ठेवता येईना." त्यांनी हात पुढे केला. काशीचा खांदा सापडला, तिथे तो ठेवला. "आता हा माझाच. काशी, तू मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. बरं झालं विचारलं नाहीस."

काशीवैनीने पदरात तोंड खुपसलं आणि मोकळेपणी रडली. सबनीसांना मात्र काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी हातमोजे काढले.

"बाकीचं सगळं एकगठ्ठा न्या," गुरुजी त्यांना म्हणाले. "कार्डही न्या. आजच."

७

तीन वाजता फरशीवर गुडघाभर पाणी राहिलं. जीपवाला पलीकडून हॉर्न वाजवत होता. पेटी डोक्यावर घेऊन फरशी ओलांडायची हिंमत ओमकारची नव्हती. ती फरशी पायाखाली ओळखणारा माणूस एकच होता.

ओमकार मघापासून त्याच्याभोवती घुटमळत होता. "धाकलूमामा, माझं चुकलं," तो म्हणाला. धाकलूने मान हलवली. पोराचं चुकलं होतं, त्याने कबूल केलं, विषय संपला. त्याच्याबद्दल धाकलूच्या मनात काही उरलं नव्हतं.

गुरुजी काठी टेकत पडवीत आले. "धाकलू, उचल बाबा. तू आणलंस, तूच पोचव."

धाकलूने पेटीला हात लावला नाही.

"गुरुजी, आधी पावती लिहा."

"कसली पावती?"

"सहा अल्बम, सातवा एक लिफाफा कमी, बिल्ल्यांचा डबा, चंद्राचे नकाशे. एवढा माल धाकलूच्या ताब्यात दिला. पेटी बंद करून, कुलूप लावून. खाली तुमची सही."

गुरुजी हसायला लागले. "वेडा की काय? इतक्या वर्षांत मी तुझ्याकडून कधी पावती घेतली का?"

"नाय घेतली," धाकलू म्हणाला. "तवा तुमी माझ्या थैलीत कधी हात पण घातला नवता."

गुरुजींचं हसू जागच्या जागी थांबलं. मग त्यांनी काशीला वही आणि पेन आणायला सांगितलं.

त्यांना ओळ दिसत नव्हती. अक्षरं वर चढली, एकमेकांवर बसली, कागदाबाहेर गेली. नकाशे लिहायचे राहिले ते धाकलूने लिहायला लावले. सहीच्या वेळी पेन भलतीकडेच टेकायला लागलं, तेव्हा त्याने गुरुजींचा हात धरून बरोबर जागेवर आणून ठेवला. त्यांनी सही केली.

धाकलूने पावती दोनदा वाचली, घडी करून खिशात घातली आणि पेटी डोक्यावर घेऊन तो पाण्याकडे निघाला.